ब्रेक बोटांपासून सुरू होतो

दर वर्षी डिसेंबर-जानेवारीत एखाद्या सकाळी सांताक्रूझचा पारा सोळा-सतरा अंशांवर उतरतो आणि आपल्या सगळ्यांच्या फोनवर तेच ते विनोद फिरायला लागतात. बावीस अंशांत कानटोपी चढवलेला मुंबईकर, त्याच्याकडे बघून खो खो हसणारा दिल्लीकर, कपाटातून वर्षभराने बाहेर आलेला आणि डांबरगोळ्यांचा वास मारणारा स्वेटर. संध्याकाळपर्यंत बातम्यांत 'गुलाबी थंडी' हा शब्द येतो आणि त्या वर्षीचा हिवाळा साजरा झाला असं आपण समजतो.

गुलाबी थंडी हा गोधडीत बसून काढलेला शब्द आहे. ज्याला आठ वाजता उठून चहाचा कप दोन्ही हातांत धरायचा आहे, त्याची थंडी गुलाबी असते. पहाटे पाच वाजता मोटारसायकलच्या हँडलवर उघडी बोटं ठेवून निघालेल्या माणसाच्या थंडीला रंग नसतो. आधी ती बोचते, मग ठणकते आणि मग काहीच जाणवेनासं होतं. धोका सुरू होतो तो इथेच.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. दुचाकीचा ब्रेक लिव्हरपासून सुरू होत नाही, बोटांपासून सुरू होतो. गारठलेलं बोट म्हणजे बिघडलेला ब्रेक. त्यामुळे गाडीवर हात गरम ठेवण्याला नाजूकपणा म्हणून हसणं बंद करा. आणि ज्याचं पोट पहाटेच्या हँडलवर चालतं, त्याच्या हातांची सोय त्याच्याकडून काम करून घेणाऱ्याने केली पाहिजे.

"मुंबईत कसली आलीय थंडी?" हे वाक्य मला पाठ झालं आहे. त्याचं उत्तर द्यायचं तर आधी रस्ता सांगावा लागेल. मी मोरव्यात राहतो. भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे निघालं की मुर्धा, राई आणि मग आमचं मोरवा. मेट्रोच्या कारशेडवरून वाद पेटला तेव्हा या तीन गावांची नावं तुम्ही बातम्यांत ऐकली असतील. आठवड्यातले सहा दिवस मी पहाटे मोटारसायकलने ठाण्याला जातो. गावातून निघून भाईंदर, रेल्वे ओलांडून पूर्वेला, काशिमिरा नाका, तिथून फाउंटन आणि पुढे घोडबंदर रोडने चेणे, गायमुख, ठाणे.

या रस्त्यावर दोन ठिकाणं अशी आहेत की तिथे फोनवरच्या तापमानाला काही अर्थ उरत नाही. पहिलं आमच्या गावाजवळचंच. खाजणं आणि मिठागरं, वाऱ्याला अडवायला काही नाही. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहायला लागतो, तो मतलई वारा. हिवाळ्यातल्या पहाटे हाच वारा आडवा येतो. दुसरं ठिकाण चेण्यापासून गायमुखपर्यंतचं. एका बाजूला राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी. इथे हवा एकदम गार होते, कधी धुकं असतं, आणि नेमक्या याच पट्ट्यात ट्रकच्या मागून, उतारावरून, वळणावरून जायचं असतं.

आता हवामान खात्याचा आकडा. तो खोटा नसतो. पण तो मोजला जातो कुठे? जमिनीपासून साधारण चार फुटांवर ठेवलेल्या, झडपांच्या भिंती असलेल्या पांढऱ्या लाकडी पेटीत. तापमापकाला ऊन लागू नये, पाऊस लागू नये, वाऱ्याचा थेट मारा बसू नये म्हणूनच ती पेटी असते. तापमापकाची एवढी काळजी घेतली जाते, आणि त्याच्यावरचा आकडा आपण उघड्या बोटांना लावतो. शिवाय मुंबईलाही खरी थंडी अगदीच परकी नाही. २२ जानेवारी १९६२ रोजी सांताक्रूझला ७.४ अंश नोंदले गेले होते. तशी पहाट रोज येत नाही, हे मान्य. पण माझा मुद्दा पाऱ्याचा नाहीच. मुद्दा वेगाचा आहे.

वारा आणि थंडी यांचा हिशेब पहिल्यांदा नीट मांडला तो पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल या दोघांनी, तोही अंटार्क्टिकात. त्यांनी प्लास्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून ते वाऱ्यात टांगलं आणि गोठायला किती वेळ लागतो ते मोजलं. १९४५ साली त्यांचे निष्कर्ष छापून आले. पुढे २००१ मध्ये अमेरिका आणि कॅनडाने नवं सूत्र स्वीकारलं. त्या सूत्राने हिशेब केला तर हवा दहा अंशांची असताना ताशी ५० किलोमीटरच्या वाऱ्यात उघड्या कातडीला साडेपाच अंशांसारखं वाटतं. हवा पाच अंशांची आणि वेग ६० असेल, तर उणे दोनच्या आसपास.

हे आकडे नाशिककरांनी नीट वाचावेत. निफाडचा पारा किती उतरला, महाबळेश्वरला वेण्णा तलावाजवळ दवबिंदू कसे गोठले, हे दर हिवाळ्यात फोटोसकट छापून येतं. त्याच सकाळी त्याच तालुक्यांत दुधाच्या किटल्या लावलेल्या, भाजीची पोती बांधलेल्या मोटारसायकली रस्त्यावर असतात. दवबिंदूंचा फोटो येतो, त्या माणसांच्या बोटांचा येत नाही.

हे सूत्र दहा अंश आणि त्याखालीच लागू होतं, त्यामुळे मुंबईच्या पंधरा-सोळा अंशांना ते लावून मी तुम्हाला घाबरवणार नाही. वाऱ्याने बोट हवेपेक्षा जास्त थंड होत नाही, हेही खरं. ते हवेच्या तापमानाकडे फार लवकर जातं, एवढंच. मात्र दवाने, धुक्याने किंवा घामाने ओलं झालं तर आणखी गार होतं, कारण ओल सुकताना अंगातली उष्णता घेऊन जाते. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. ते नवं सूत्र माणसाच्या चेहऱ्यावरून काढलेलं आहे, चालणाऱ्या माणसाच्या. बोटांचं काय?

बोट हा अवयव थंडीत सगळ्यात आधी वाऱ्यावर सोडला जातो. शरीराचा हिशेब निष्ठुर आहे. छाती-पोटातली ऊब टिकवायची तर हातापायांच्या टोकांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळायच्या. बोटं बारीक आणि लांब, म्हणजे आकाराच्या मानाने कातडी जास्त. ती झटपट गार होतात. एरवी बोटांची कातडी तिशीच्या आसपास असते. ती पंधरा अंशांच्या आसपास आली की हाताचं कसब झपाट्याने घसरतं आणि आठच्या आसपास स्पर्श जवळपास जातो, असे ढोबळ आकडे थंडीत काम करणाऱ्या माणसांवरच्या अभ्यासांतून आलेले आहेत. मुंबईत तुमचं बोट आठवर येणार नाही. पण ही घसरण एखाद्या पायरीसारखी नसते, उतारासारखी असते, आणि तो उतार पंधराच्या बऱ्याच आधी सुरू होतो.

त्यात आपल्या हाताची रचना अशी, की बोटं वळवणारे मुख्य स्नायू बोटांत नसतातच. ते असतात कोपराखालच्या हातात. तिथून लांब दोऱ्यांसारख्या शिरा, म्हणजे कंडरा, मनगटातून बोटांपर्यंत येतात. बाही वर सरकलेली असेल, मनगट उघडं असेल, तर नुसती बोटं झाकून भागत नाही. मज्जातंतूंतून निरोप जायचा वेगही गारठ्यात मंदावतो. म्हणजे डोळ्यांना ट्रकचे लाल दिवे दिसले, मेंदूने 'दाब' म्हटलं, तरी बोट उशिरा दाबतं. शिवाय दाबलं ते किती दाबलं, हे त्याला नीट कळत नाही.

हा उशीर मोजून बघा. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटर. अर्ध्या सेकंदाचा उशीर म्हणजे सात मीटर. चाळीसच्या वेगातही साडेपाच मीटर. सात मीटर म्हणजे एकामागे एक उभ्या केलेल्या तीन मोटारसायकली. एवढ्या अंतरात रिकामा रस्ता आणि ट्रकचा मागचा पत्रा यांतला फरक सामावतो.

आणि कोणता हात जास्त गारठतो? उजवा. डावा हात क्षणभर खिशात घालता येतो, सिग्नलला मांडीखाली दाबता येतो, सवयीची माणसं तो खाली नेऊन इंजिनजवळही धरतात. उजव्या हातात ॲक्सिलरेटर असतो, त्याला सुट्टी नाही. आणि पुढचा ब्रेक त्याच हातात. ब्रेक मारताना गाडीचं वजन पुढे झुकतं, त्यामुळे गाडी थांबवण्याचं मोठं काम पुढचं चाक करतं. सगळ्यात महत्त्वाचा ब्रेक सगळ्यात गारठलेल्या हाताकडे, अशी ही वाटणी आहे.

स्कूटरवर तर दोन्ही ब्रेक हातांतच. पायाचा ब्रेकच नाही. पोरांना शाळेत सोडायला साडेसहाला निघालेल्या बाईचा गाडी थांबवायचा सगळा भरवसा दहा बोटांवर असतो. आणि स्वस्तातल्या शंभर सीसीच्या गाडीला पुढे बहुतेक वेळा ड्रम ब्रेक असतो, केबलने ओढायचा. त्याला डिस्कपेक्षा जास्त जोर लागतो. ज्याची गाडी सगळ्यात साधी, त्याच्या बोटांकडून सगळ्यात जास्त ताकद मागितली जाते.

आता सरकारकडे येतो. १ एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे १२५ सीसीवरच्या नव्या दुचाकींना एबीएस आणि त्याखालच्यांना सीबीएस, म्हणजे दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लावणारी यंत्रणा, सक्तीची आहे. चांगलंच झालं. लिव्हरपासून चाकापर्यंतचा ब्रेक सरकारने नीट पाहिला. लिव्हरच्या अलीकडचे तीन इंच कुणी पाहिले नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये हेल्मेट आहे, हातमोजे नाहीत. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही. पण त्याच्यासाठी आधी कुणीतरी ब्रेक दाबावा लागतो. न दाबलेला ब्रेक कोणतीही यंत्रणा वाचवू शकत नाही.

फ्रान्समध्ये नोव्हेंबर २०१६ पासून दुचाकीवर प्रमाणित हातमोजे सक्तीचे आहेत, चालवणाऱ्यालाही आणि मागे बसणाऱ्यालाही. तिथला विचार मुख्यतः पडल्यावर तळहात सोलवटू नयेत हा होता. पण हात हा गाडी चालवण्याचा भाग आहे आणि त्याचा विचार कायद्याने करायचा असतो, एवढं तरी त्यांनी मानलं. बेल्जियमने ते त्याही आधी मानलं.

मग आपल्याकडेही सक्ती करा, असं मी म्हणतोय का? मुळीच नाही. उद्या हातमोज्यांसाठी पावती फाडायला सुरुवात झाली, तर ती कुणाची फाटेल हे मला नीट ठाऊक आहे. नाक्यावर अडवला जाईल तो दूधवाला, पाववाला, पेपर टाकणारा पोरगा. ज्याला हातमोजे परवडत नाहीत त्यालाच दंड, ही न्यायाची आपली जुनी खोड आहे. मला दंड नको. मला जबाबदारी हवी, आणि ती योग्य माणसाच्या गळ्यात हवी.

त्याआधी हसणाऱ्यांचा समाचार घेतो, कारण तेही या गारठ्यात सामील आहेत.

पहिले लोक म्हणतात, "सवय होते." अर्धं खरं आहे. वर्षानुवर्षं गार पाण्यात, गार हवेत हात घालणाऱ्यांच्या बोटांत रक्त थोडं जास्त खेळतं, दुखणं कमी होतं, असं आढळलेलं आहे. पण दुखणं कमी होणं आणि बोट चपळ राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गार झालेल्या मज्जातंतूतून निरोप सवयीने वेगात जात नाही. सवय झालेल्या माणसाचा एवढाच फायदा की त्याला दुखत नाही. मला विचाराल तर तो तोटा आहे. धोक्याची घंटा काढून टाकली की आग विझते असं थोडंच आहे?

दुसरे लोक मर्दानगीवाले. उघड्या हातांनी, जॅकेटची चेन उघडी टाकून गाडी हाणणं ही यांची शान. यांनी गेली कित्येक वर्षं पुण्यातल्या मुलींवर विनोद केले. डोक्याला-तोंडाला स्कार्फ, डोळ्यांवर गॉगल, हातांत कोपरापर्यंतचे मोजे घालून स्कूटर चालवणाऱ्या मुलींना डाकू म्हटलं, अतिरेकी म्हटलं. ऊन, धूळ आणि वारा हे तीन प्रश्न त्या मुलींनी कुणाच्या योजनेची वाट न बघता, तुळशीबागेतल्या स्वस्त कापडात सोडवले. ते मोजे सुती असतात, त्यांतून वारा आत जातो, दवात ते भिजतात, हे खरं. पण हात झाकायचा असतो हे त्यांना कळलं. हसणाऱ्यांना ते अजून कळलेलं नाही.

तिसरे लोक जरा सभ्य आहेत. यांना हातमोजे कळतात, पण फक्त लडाखचे. पाण्यापासून वाचवणारा थर, गाठीसाठी कडक प्लास्टिक, विजेवर तापणारी ग्रिप यांवर ते तासभर बोलतील. वर्षातून एकदा सुट्टी घेऊन थंडीत गेलेला माणूस 'रायडर', आणि रोज पहाटे कामासाठी थंडीत जाणारा मात्र नुसता 'गाडीवाला'. हौसेच्या थंडीला बाजार आहे, भाषा आहे, व्हिडिओ आहेत. पोटाच्या थंडीला काही नाही.

खरं तर हवामानासाठी तयारी करणं आपल्याला येत नाही असं नाही. जून आला की आख्खं मुंबई महानगर रेनकोट, गमबूट, मोबाइलला प्लास्टिकची पिशवी, गाडीला आवरण यांनी नटतं. रेनकोट घातलेल्या माणसाला कुणी नाजूक म्हणत नाही. पावसाची तयारी ही अक्कल आणि थंडीची तयारी हा विनोद, हे कशामुळे? माझ्या मते याचं एकच कारण आहे. पाऊस साहेबालाही भिजवतो. पहाटेचा गारठा साहेबाला भेटतच नाही.

आता फोनकडे. तुम्ही हे ज्या फोनवर वाचताय त्याचा पडदा बोटातली वीज ओळखून चालतो. साध्या लोकरीच्या किंवा चामड्याच्या मोज्यातून त्याला बोट कळतच नाही. डिलिव्हरीचं काम करणाऱ्याचा तर सगळा दिवस त्या पडद्यावर चालतो. ऑर्डर आली, स्वीकारा. पोहोचलो, दाबा. सामान घेतलं, दाबा. नकाशा, फोन, ओटीपी, पुन्हा दाबा. प्रत्येक वेळी मोजा काढायचा, घालायचा, दातांत धरायचा. चौथ्या ऑर्डरला माणूस मोजा खिशात टाकतो आणि उघड्या हाताने निघतो. त्याला मोजा नको असतो म्हणून नव्हे, ज्या ॲपवर त्याचं पोट आहे ते उघडं बोट मागतं म्हणून.

यावर उपाय काही चंद्रावरून आणायचा नाही. बोटांच्या टोकाला वीजवाहक धागा विणलेले मोजे वर्षानुवर्षं बाजारात आहेत. ॲपमध्ये मोठी बटणं देता येतात, आवाजाने 'हो' म्हणायची सोय देता येते. जी कंपनी कोणत्या गल्लीत कोण किती मिनिटं थांबला हे सांगू शकते, तिला त्या गल्लीत सकाळी सहा वाजता किती गारठा आहे हे कळत नाही, यावर मी विश्वास ठेवणार नाही. टी-शर्ट आणि पाठीवरची पेटी यांवर नाव छापलेलं असतं, म्हणून त्या दिल्या जातात. मोज्यावरही नाव छापा, पण द्या.

सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० या कायद्यात 'प्लॅटफॉर्म कामगार' ही व्याख्या पहिल्यांदा आली. विमा, अपघात, म्हातारपण यांची भाषा त्यात आहे, ती हवीच. पण अपघाताचा विमा अपघातानंतर मिळतो. मोजा अपघाताच्या आधी मिळायला हवा, आणि तो कित्येक पटींनी स्वस्त आहे.

हे फक्त ॲपवाल्यांना नाही. पेपरची एजन्सी, दुधाचा वितरक, बेकरीचा मालक, पहाटेच्या पाळीला माणसं बोलावणारी प्रत्येक कंपनी, सगळ्यांना आहे. पहाटेची वेळ तुम्ही ठरवता. त्या वेळेतला गारठाही मग तुमच्याच खर्चात धरला पाहिजे. माल खराब होऊ नये म्हणून बर्फाचे पैसे मोजता ना? तसेच हात खराब होऊ नयेत म्हणून मोज्यांचे मोजा.

तोवर काय करायचं? मालक सुधारेपर्यंत बोटं वाट बघत नाहीत, म्हणून कामाच्या गोष्टी सांगतो.

हात गरम ठेवायची सुरुवात छातीपासून करा. छाती गारठली की शरीर बोटांचं रक्त काढून घेतं, मग मोजा कितीही महाग असो. वारा अडवणारं जॅकेट नसेल तर शर्ट आणि स्वेटरच्या मध्ये, छातीवर वर्तमानपत्राची घडी घाला. युरोपातले सायकलशर्यतीवाले घाटाच्या उतारावर हेच करत आले आहेत. गळा झाका.

मोजा निवडताना जाडीपेक्षा वारा अडतो का ते पाहा. तोंडाशी धरून जोरात फुंकर मारा, आत लागली तर वाराही लागणार. फुटपाथवरचे लोकरीचे मोजे एकटे कुचकामी आहेत, शिवाय लिव्हरवर घसरतात. त्यांच्यावर वारा अडवणारा थर हवा आणि तळव्याला पकड हवी. मोजा घट्ट नको. घट्ट मोजा रक्तही अडवतो आणि ऊब धरणारी हवाही राहू देत नाही. मनगट झाकलं गेलं पाहिजे, मोजा आणि बाही यांच्यात फट नको. विकत घेण्याआधी तो घालून लिव्हर दाबून पाहा, इंडिकेटरचं बटण सापडतं का पाहा.

हातावर दुधाची किंवा भाजीची प्लास्टिकची पिशवी बांधू नका. वारा अडतो, पण पकड जाते. घामाने आतून ओलं होतं ते वेगळंच.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगला उपाय आपल्याकडे लाजेपायी कुणी वापरत नाही. हँडललाच चढवायची जाड खोळ. हात खोळीत घालायचा, आत ग्रिप, लिव्हर, बटणं सगळं. उत्तरेकडच्या शहरांत हिवाळ्यात अशा खोळी लावलेल्या गाड्या सर्रास दिसतात. चीनमध्ये तर इलेक्ट्रिक स्कूटरच्या पुढून हातांसकट मांड्या झाकणारी गोधडीच लावतात. दिसायला बावळट, पण वारा बोटांपर्यंत पोहोचतच नाही, त्यामुळे आत पातळ मोजाही चालतो. काळजी एवढीच, की खोळ वाऱ्याने दबून ब्रेकची लिव्हर ओढली जात नाही ना आणि हात झटकन बाहेर येतो ना, हे उभ्या गाडीवर आधी तपासा.

इंजिनला किंवा सायलेन्सरला हात लावून शेकू नका. बधिर बोटाला चटका उशिरा कळतो, तोवर कातडी गेलेली असते. बोटं आखडली तर थांबा. दोन्ही हात काखेत दाबून पाच मिनिटं उभे राहा. रक्त परतताना ठणकेल, ते चांगलं लक्षण आहे. टपरीवर चहा घ्या, सिगारेट नको. तंबाखू ओढा नाहीतर चघळा, निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं आणि बोटं आणखी गार होतात. दारूने ऊब येते हा तर निव्वळ भास. आणि थंडीत बोटं पांढरी पडून मग निळी, लाल होत असतील, वारंवार होत असतील, तर ते थंडीवर ढकलू नका, डॉक्टरांना दाखवा. थंडी आणि हँडलचं कंपन वर्षानुवर्षं एकत्र मिळालं की बोटांच्या रक्तवाहिन्या कायमच्या बिघडू शकतात.

हे सगळं मी सांगितलं, आणि तरी मला भीती वाटते की तुम्ही एवढंच लक्षात ठेवाल. चांगल्या टिपा होत्या, सेव्ह केलं, पुढे पाठवलं. म्हणून पुन्हा सांगतो. टिपा माझ्यासारख्याला पुरतात, कारण मी एकाच ठिकाणी जातो आणि पोहोचलो की मोजे काढतो. दिवसाला तीस दारं वाजवणाऱ्याला टिपा पुरत नाहीत. त्याला सामान हवं, आणि थांबायला पाच मिनिटं हवीत, ज्यांचे पैसे कापले जाणार नाहीत.

यातलं थोडं तुमच्या हातात आहे. सकाळी सहाला दूध, ब्रेड, अंडी मागवलीत तर निदान दार उघडायला उशीर करू नका. त्याच्या बोटांना ओटीपी टाकायला वेळ लागला तर कपाळाला आठ्या घालू नका, तो मंद नाही, गारठलेला आहे. दहा मिनिटांऐवजी पंधरा लागली म्हणून तारा कापू नका. तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दिवाळीच्या पोस्तचा विषय निघतो तेव्हा, पेपर आणि दूध टाकणाऱ्यांसाठी वारा अडवणारे मोजे किंवा हँडलच्या खोळी घेऊ या, असं एक वाक्य टाका. दिवाळीनंतरच थंडी सुरू होते, वेळ बरोबर जुळते. आणि ज्या कंपनीच्या ॲपवर तुम्ही रोज बोट फिरवता, तिला तक्रारीच्या त्याच रकान्यात एकदा हेही विचारा, की तुमच्या माणसांना हातमोजे दिलेत का?

पुढच्या वेळी सोळा अंशांचा विनोद फोनवर आला तर हसायला माझी हरकत नाही. फक्त तो पुढे पाठवायच्या आधी हा प्रश्न पाठवा.